शब्द जुळले, म्हणणं निसटलं: शोधयंत्रणा बनवताना या चुका टाळा

मदतकेंद्राच्या शोधपेटीत कुणी ‘पासवर्ड’ एवढंच लिहितं. त्याला पासवर्डची व्याख्या नको असते. तो विसरलाय आणि खात्यात शिरता येत नाहीये. आपण वर दाखवतो ‘पासवर्ड कसा बदलावा’, आणि त्या लेखाची पहिली पायरी असते, ‘आधी लॉगिन करा’. शब्द तंतोतंत जुळला, माणूस दाराबाहेरच राहिला.

टाइप केलेले शब्द म्हणजेच गरज, असं धरून चालणं ही मूळ चूक. ग्रंथालयशास्त्राचे अभ्यासक रॉबर्ट टेलर यांनी १९६८ सालीच हे मांडलं होतं. मनातल्या अस्पष्ट जाणिवेपासून ते प्रत्यक्ष विचारलेल्या प्रश्नापर्यंत गरज चार रूपांतून जाते, आणि यंत्रणेच्या हाती येतं ते शेवटचं, तडजोड केलेलं रूप.

मराठीत आणखी एक चूक फार महागात पडते. ‘इंटरनेटशिवाय चालणारा नकाशा’ असा शोध घ्या. शब्दाचं मूळ रूप काढणारा स्टेमर ‘शिवाय’ छाटून टाकत असेल, तर उरतं ‘इंटरनेट’, आणि नेमके नको तेच नकाशे वर येतात. ‘विना’, ‘नको’, ‘खेरीज’ हे शब्द स्टॉपवर्डच्या, म्हणजे शोधताना वगळायच्या शब्दांच्या यादीत असतील तर आजच तिथून काढा. ‘शिवाय’ वेगळं टोकन, म्हणजे स्वतंत्र शब्दतुकडा म्हणून जपा. एम्बेडिंग, म्हणजे मजकुराचा अर्थ आकड्यांत मांडून जवळचे अर्थ शोधण्याची पद्धत, वापरत असलात तरी निर्धास्त राहू नका, होकार आणि नकार तिथेही शेजारीशेजारी बसू शकतात.

क्लिक झालं म्हणजे काम झालं, असंही नाही. पहिल्या निकालावर लोक तो पहिला आहे म्हणूनही क्लिक करतात. लगेच परत येऊन शब्द बदलून शोधलं, तर ती तक्रार समजा. आकडे बघण्याआधी एकाच बैठकीतले लागोपाठचे शोध स्वतः वाचा, अर्थात नावं-नंबर काढून टाकूनच. ‘पासवर्ड’. ‘पासवर्ड विसरलो’. ‘ओटीपी येत नाही’. ‘जुना नंबर बंद’. खरी अडचण चौथ्या ओळीत आहे. अशा ओळी वाचल्या की मला चुटपुट लागते. माणूस चार वेळा सांगत होता आणि आपण दर वेळी तोच लेख पुढे करत होतो.

अंदाज बांधायला हरकत नाही, पण गुपचूप नको. काय गृहीत धरलं ते निकालांच्या वर लिहा आणि मूळ शब्दांवर परतायची सोय ठेवा. दोन अर्थ तुल्यबळ असतील तर सरळ विचारा: ‘पासवर्ड विसरलात, की बदलायचाय?’ मात्र एकदाच. उत्तर दिल्यावर पुढच्या पानावर तेच पुन्हा विचारलं, तर माणूस निघून जातो.