ट्रेलर ‘ऑन द वे’ आहे की ‘इन द वे’?

जानेवारी उजाडला की दिंडोरी, निफाड, पिंपळगावच्या पट्ट्यात द्राक्ष निर्यातीची धांदल सुरू होते आणि डिस्पॅचच्या टेबलावर नवी मुलं येतात. बहुतेक मराठी माध्यमातली, नुकतीच बीकॉम झालेली, हिशोबाला चोख. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आठवड्याभरात जमते. अडतं ते रॉटरडॅमच्या खरेदीदाराला दोन ओळींचा मेल लिहिताना. माल नेमका कुठे आहे, एवढंच सांगायचं असतं. पण तिथे ॲट, इन, ऑन आडवे येतात.

मूळ अडचण अशी, की आपण मराठी शब्दयोगी अव्ययाला एकेक इंग्रजी शब्द जोडून ठेवलेला असतो. ‘वर’ म्हणजे ऑन, ‘मध्ये’ म्हणजे इन. मग ‘गाडी टोलनाक्यावर आहे’चं ‘ऑन द टोल प्लाझा’ होतं आणि वाचणाऱ्याला ती छपरावर चढलेली दिसते. तिथे ॲट हवं. हे जोडकाम आधी मोडा. मी नव्यांना एकच विचारते: या वाक्यात ती जागा तू कशी बघतोयस? नकाशावरचा ठिपका म्हणून बघत असशील तर ॲट, चारी बाजूंनी वेढणारी म्हणून बघत असशील तर इन, पृष्ठभाग किंवा रेघ म्हणून बघत असशील तर ऑन.

एकाच जागेला दोन शब्द चालतात ते यामुळेच. ड्रायव्हरचं घर इगतपुरीत असेल तर ‘ही लिव्ह्ज इन इगतपुरी’. पण न्हावाशेवा बंदराकडे जाताना त्याने तिथे चहाला गाडी थांबवली, तर ‘ही स्टॉप्ड ॲट इगतपुरी’, कारण आता गाव म्हणजे प्रवासातला एक टप्पा आहे. तसंच द्वारका चौकात उभे असाल तर ‘ॲट द्वारका’. रस्ता ही रेघ, म्हणून ऑफिस ‘ऑन त्र्यंबक रोड’. पण घर क्रमांकासह पूर्ण पत्ता सांगताना पुन्हा ॲट. ब्रिटिश माणूस रस्त्याच्या नावाआधी कधी इन लिहील, तेही बरोबरच आहे. उगाच त्याचा मेल सुधारायला जाऊ नका. नाशिक गोदावरीकाठी वसलंय, हे सांगायला मात्र ‘ऑन द गोदावरी’. नदीही रेघच, आणि शहर कोणी पाण्यात बुडालेलं समजत नाही.

वाहनांचं गणित वेगळं. आत उभं राहून चालता येतं ती मोठी वाहनं, म्हणजे बस, रेल्वे, विमान, जहाज, यांना ऑन. वाकून आत शिरायचं ती कार, टॅक्सी, रिक्षा, यांना इन. म्हणून सिटीलिंकमध्ये बसलात तर ‘ऑन द बस’, पंचवटी एक्सप्रेसमध्ये ‘ऑन द ट्रेन’, शेअर रिक्षात ‘इन द रिक्षा’. चढण्या-उतरण्यालाही हीच विभागणी: बसला ‘गेट ऑन’, ‘गेट ऑफ’, रिक्षाला ‘गेट इन’, ‘गेट आउट ऑफ’. दुचाकीवर टांग टाकून बसतो, म्हणून तिथे ऑन.

‘बाय’ फक्त प्रवासाचा प्रकार सांगतो: बाय रोड, बाय सी, बाय ट्रक. मध्ये ‘द’, ‘माय’ किंवा गाडीचा नंबर घुसला की बाय पळतो. ‘बाय माय बाइक’ नाही, ‘ऑन माय बाइक’. चालत आलात तर ‘ऑन फुट’. ‘बाय वॉक’ आपल्याकडे मुलाखतीत सर्रास ऐकू येतं, ते सोडा.

आमच्या कामात हे सगळं एका वाक्यात गोळा होतं. द्राक्षांच्या पेट्या ‘इन द कंटेनर’, कंटेनर ‘ऑन द ट्रेलर’, ट्रेलर ‘ॲट द पोर्ट’, आणि माल जहाजावर चढला की ‘ऑन बोर्ड’. हा शेवटचा शब्द जपून वापरायचा. कंटेनर बंदराच्या यार्डात उभा असताना मेलमध्ये ऑन बोर्ड लिहिलंत, तर समोरचा जहाजावर चढल्याची तारीख मागणार. बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीच्या माल मिळाल्याच्या पावतीवर, ती लागते, आणि पैशांचं बोलणं बऱ्याचदा त्या तारखेवर चालतं.

आता शीर्षकातला गोंधळ. ‘गाडी वाटेत आहे’ याचं शब्दशः ‘इन द वे’ केलं, तर अर्थ होतो गाडी वाट अडवून उभी आहे. कसारा घाटात बंद पडली असेल तर तेही खरं म्हणा! एरवी ‘ऑन द वे’ किंवा ‘इन ट्रान्झिट’.

‘रीच’नंतर ठिकाणाआधी काहीच लागत नाही: ‘द ट्रेलर रीच्ड न्हावाशेवा’. ‘अराइव्ह’ला मात्र लागतं, शहर असेल तर इन, बंदर, स्टेशन, विमानतळ असेल तर ॲट. घरी जाताना ‘गो होम’, मध्ये टू नाही.

इतकं करूनही काही जोड्या नियमाबाहेर राहतात. त्यांच्यासाठी शब्दकोशात ॲट किंवा ऑन शोधत बसू नका, त्यात पानंच्या पानं आहेत. पोर्ट, फ्लोअर, कॉर्नर असं नाम शोधा आणि त्या नोंदीखालची उदाहरणं बघा. जुन्या खरेदीदारांचे मेल असतीलच. त्यातली अख्खी वाक्यं वहीत उतरवा आणि पुढच्या मेलमध्ये फक्त बंदराचं नाव नि तारीख बदला.