तांब्यावरचं डच व्यक्तिचित्र हाताळताना

अठराव्या शतकातल्या डच धर्मोपदेशकाचं तांब्यावरचं चित्र हाताळायचं तर नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) हातमोजे घाला आणि दोन्ही हातांनी फक्त कडा धरा. पत्रा वाकला की रंगाचे पापुद्रे सुटतात. पोचा दिसला तरी मागून ठोकू नका, कृपा करा! हिरवा जंग असेल तर मी ओला बोळाही लावत नाही. ते काम जतनतज्ज्ञाचं.

मग टॉर्च बाजूने तिरपी धरा, भिंग घ्या आणि सावकाश बघा. तांबं तेल शोषत नाही, म्हणून गळ्याखालच्या पांढऱ्या पट्ट्या, केसांचा टोप, काळ्या झग्याची चमक इतकी बारीक रंगवता येते. अ‍ॅमस्टरडॅमच्या क्विंकहार्ड या चित्रकाराची (१६८८–१७७२) तांब्यावरची छोटी व्यक्तिचित्रं मला त्यासाठीच फार प्रिय आहेत. टांगताना ओलसर भिंत टाळा.