उन्हाळ्यात मुलांसह पुणे ते कन्याकुमारी

सुमारे 1,500 किलोमीटरचा हा प्रवास दोन दिवसांत उरकण्याचा हट्ट, लहान मुले सोबत असताना, धरू नये. हुबळी, बंगळूरु आणि मदुराई येथे मुक्काम केल्यास शेवटचा, चौथा दिवस बराच हलका जातो.

पहाटे पाचला निघून दुपारी बारापूर्वी अधिकाधिक अंतर कापावे आणि उन्हाचा कडाका ओसरेपर्यंत विसावा घ्यावा. प्रवासाला निघण्यापूर्वी, टायर थंड असतानाच त्यांतील हवा तपासावी. चौदा वर्षांखालील मुलांना सीटबेल्ट किंवा त्यांच्या वयाचे सुरक्षा आसन कायद्यानेच बंधनकारक आहे. आईच्या मांडीवरची जागा कितीही सुरक्षित वाटली, तरी ती तशी नसते.

उलटीचा त्रास असणाऱ्या मुलांच्या हाती धावत्या गाडीत मोबाइल देऊ नये, त्यांना खिडकीबाहेर दूरवर पाहायला सांगावे आणि पोटात दशमी किंवा सुके पोहे असे हलकेच अन्न असू द्यावे. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यातच विरघळवावी, अंदाजाने अर्ध्या बाटलीत नव्हे. उभ्या गाडीत मुलांना दोन मिनिटेही एकटे ठेवू नये. महामार्गावर अडचण आल्यास 1033 या क्रमांकावर मदत मागता येते.