बाळ रांगायला लागण्याआधी : घरातल्या या चुका टाळा

बाळ पालथे पडू लागले की कौतुकाला उधाण येते आणि घराची तयारी मात्र ‘रांगेल तेव्हा बघू’ म्हणून मागे पडते. पहिली चूक हीच. बहुतेक बाळे 6 ते 10 महिन्यांच्या दरम्यान रांगतात, पण त्याआधीच लोळत, पोटावर सरकत ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचतात. म्हणून पाचवा महिना संपण्यापूर्वी घर तयार असावे.

दुसरी चूक म्हणजे उभ्याने केलेली पाहणी. आमची मुलगी साडेपाच महिन्यांची असताना मी जमिनीवर पालथे पडून सोफ्याखाली पाहिले, तेव्हा एक टिकली, दोन शेंगदाणे आणि माझ्या वडिलांची रक्तदाबाची गोळी सापडली. केर रोज निघत होता, पण केरसुणी तिथवर पोहोचत नव्हती. हातातून निसटलेली गोळी वयस्कर माणसाला सापडत नाही, ते दुसरी घेतात आणि पहिली विसरली जाते. रक्तदाबाची किंवा मधुमेहाची एखादीच गोळी लहान बाळाच्या जिवावर बेतू शकते. तेव्हापासून आजोबा टेबलाशी बसून, गोळ्या वाटीत काढूनच घेतात.

टेबलाच्या कोपऱ्यांना रबर लावण्यात सारा उत्साह खर्च होतो आणि न्हाणीघरातली भरलेली बादली तशीच राहते, याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. नळाला ठरावीक वेळीच पाणी येते अशा आपल्या गावांत आणि शहरांत पाणी भरून ठेवण्यावाचून इलाज नसतो. पण बादलीच्या काठाला धरून उभ्या राहणाऱ्या बाळाचे डोके अंगाच्या मानाने जड असते. ते वाकले की तोल जाऊन डोक्यावर आत पडते, आणि स्वतःला वर खेचण्याइतके बळ त्याच्या हातांत नसते. भरलेली बादली कलंडतही नाही. आवाज होत नाही, आणि चार बोटे पाणीही बुडायला पुरते. म्हणून साठवण घट्ट झाकणाच्या पिंपातच करावी, बादली वापरून झाली की पालथी घालावी आणि न्हाणीघराच्या दाराला बाहेरून, मोठ्यांच्या खांद्याच्या उंचीवर कडी बसवावी. कडी लावायला पाहुणे हमखास विसरतात. बादली रिकामी असेल तर ती विसरही निभावते. अंघोळीचे पाणी काढताना आधी गार आणि मग कढत घ्यावे, आणि पाणी तापवण्याचा रॉड लावलेली बादली क्षणभरही सोडून जाऊ नये.

देवघराकडे बहुतेकांचे लक्षच जात नाही. समई आणि काडेपेटी आपण उचलतो, पण कापराची डबी खालच्या फळीवर राहते. कापराची वडी बाळाला खडीसाखरेसारखीच दिसते आणि थोडासा कापूर पोटात गेला तरी झटके येऊ शकतात. कपाटातल्या डांबराच्या गोळ्याही तितक्याच घातक. दोन्ही वस्तू कुलपात ठेवाव्यात. रॉकेल किंवा टर्पेंटाइन पाण्याच्या जुन्या बाटलीत कधीही भरू नये, आणि ते बाळाच्या पोटात गेलेच तर उलटी करवू नये, कारण उलटीबरोबर ते फुप्फुसात उतरते.

चालायला लवकर शिकेल म्हणून वॉकर आणणे ही चूक अजूनही सर्रास होते. वॉकरमुळे चालणे लवकर येत नाही. उलट बाळ क्षणार्धात जिन्यापर्यंत किंवा गरम चहाच्या कपापर्यंत पोहोचते. कॅनडाने 2004 मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली. जिन्याच्या वरच्या टोकाला फाटक लावताना ते नुसत्या दाबावर बसणारे नसावे, भिंतीत स्क्रूने पक्के केलेले असावे. बाल्कनीच्या गजांमधले अंतर 10 सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर जाळी लावावी, आणि गॅलरीतल्या कुंड्या व स्टूल कठड्यापासून दूर ठेवावेत.

शेवटी बटणासारखे चपटे सेल. ते छोट्या रिमोटमध्ये, गाणाऱ्या खेळण्यांत आणि दिवाळीच्या विजेच्या पणत्यांतही असतात. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर 2 तासांतही आतून भाजू शकते आणि सुरुवातीला बाळ नुसती लाळ गाळते किंवा दूध नाकारते. सेल गिळल्याची शंका जरी आली, तरी शीतून पडण्याची वाट न पाहता, उलटी न करवता, एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात तडक जावे. वाहन नसेल तर 108 वर फोन करावा.