हौदाचं गणित, फक्त हौद विश्वाएवढा

शाळेतली हौद-नळाची गणितं आठवतात? एक नळ भरतो, दुसरा रिकामा करतो, हौद कधी भरेल? पहिल्या दीर्घिकांनी विश्वातला हायड्रोजन आयनित कसा केला, म्हणजे त्याच्या अणूंतले इलेक्ट्रॉन कसे सोडवले, हे मी एम.एस्सी.च्या पोरांना असंच शिकवते. एक्सेल पुरतं.

रेडशिफ्ट ७ घ्या, म्हणजे विश्वातली अंतरं आजच्या एक-अष्टमांश होती तो काळ. भरणाऱ्या नळासाठी तीन आकडे गुणायचे. एका घन मेगापार्सेकमधल्या (एक मेगापार्सेक म्हणजे सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षं) दीर्घिकांचा अतिनील प्रकाश: साधारण १० चा २६ वा घात, अर्ग प्रति सेकंद प्रति हर्ट्झ. त्यातल्या दर एककामागे १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वरचे, म्हणजे हायड्रोजन आयनित करू शकणारे फोटॉन (प्रकाशकण): १.६ गुणिले १० चा २५ वा घात. आणि त्यातले दीर्घिकेबाहेर निसटणारे: ०.२ धरा. तेवढ्याच जागेत हायड्रोजनचे अणू ५.६ गुणिले १० चा ६६ वा घात. भागाकार केला की ५५ कोटी वर्षं येतात.

इथे मी एकदा सपशेल आपटले होते. घनतेला ८ च्या घनाने, म्हणजे ५१२ ने गुणलं आणि घन मेगापार्सेक मात्र प्रसरणासोबत वाढणारा, आजच्या मापाचाच ठेवला. उत्तर आलं २८,००० कोटी वर्षं! विश्वाचं वयच १,३८० कोटी.

तो ५१२ लागतो गळक्या नळाला. सुटलेले इलेक्ट्रॉन प्रोटॉनशी पुन्हा जुळतात, आणि वायू जितका दाट तितके लवकर. वायूतल्या गुठळ्यांसाठी ३ चा गुणक धरला तर पुन्हा जुळण्याचा हा काळ ३९ कोटी वर्षं येतो. म्हणजे रेडशिफ्ट ७ चे हेच आकडे कायम राहिले तर हौद ७० टक्क्यांवर अडकतो! म्हणून एका ओळीत भागायचं नाही. रेडशिफ्ट १५ पासून कोटी-कोटी वर्षांच्या पायऱ्यांनी या, दर पायरीला प्रकाश आणि घनता बदला, आवक मिळवा, गळती वजा करा.

पडताळा दोन ठिकाणी घ्या: क्वेसारांच्या (दूरच्या, अतितेजस्वी दीर्घिका-केंद्रांच्या) वर्णपटांनुसार रेडशिफ्ट ६ ते ५ च्या दरम्यान काम संपलेलं हवं, आणि प्लँक उपग्रहाने मोजलेली प्रकाशीय जाडी (विश्वाच्या आरंभीचा प्रकाश वाटेतल्या सुट्या इलेक्ट्रॉनांनी किती विखुरला त्याचं माप) ०.०५४, कमी-जास्त ०.००७.

आता तो ०.२. पोरं पहिल्यांदा तोच फिरवतात, कारण तो त्या काळातल्या दीर्घिकांत थेट मोजताच येत नाही; ते फोटॉन वाटेतला हायड्रोजनच गिळतो. जवळच्या दीर्घिकांवरून अंदाज बांधावा लागतो. फिरवा, पण मग आलेख जुळला म्हणून मला दाखवायला आणू नका. त्यापेक्षा ०.०५ आणि ०.२ दोन्ही चालवा, दोन्ही रेघा एकाच आलेखावर काढा आणि मधला पट्टा रंगवून आणा.