रुळांवरचं जॅकेट: रंग निवडताना आणि वापरताना या चुका टाळा

पुणे–मिरज मार्गाच्या दुहेरीकरणाचं काम निघालं, तशी लोणंदपासून मिरजेपर्यंत रुळांलगत ठेकेदारांची माणसंही वाढली. लांबून दिसावं म्हणून घालायचं चमकदार जॅकेट बहुतेकांच्या अंगात असतं. मात्र ते कोणत्या रंगाचं, कसलं आणि किती जुनं, हे सहसा कोणी बघत नाही.

"पोपटी काय, नारिंगी काय, चमकतंय ना?" ही त्यातली सगळ्यात मोठी चूक. दिवसाउजेडी माणसाचा डोळा पिवळसर हिरवा रंग सर्वात चटकन टिपतो, म्हणून हायवेवर पोपटी जॅकेट उत्तम. रस्त्यावर लाल-हिरव्यात गल्लत होणारे वाहनचालकही असतात, त्यांनाही तेच बरं पडतं. रेल्वेचं गणित निराळं आहे. ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी या पट्ट्यात रुळांच्या दोन्ही अंगांना ऊस उभा असतो. त्या हिरव्यात पोपटी मिसळून जातं, नारिंगी उठून दिसतं. शिवाय लोको पायलटची रंगदृष्टी तपासूनच त्याला इंजिनावर बसवतात, त्यामुळे नारिंगी ओळखताना तो चुकेल ही भीती नाही. ब्रिटिश रेल्वेने १९६४ साली ग्लासगोच्या एका विद्युतीकृत मार्गावर अशी नारिंगी जॅकेटं वापरून पाहिली. तिथे रुळांवर आजही नारिंगीच लागतं.

मग भगवा शर्ट का चालत नाही? कारण साधा रंग जेवढा उजेड पडेल त्यातलाच थोडा परत पाठवतो. जॅकेटचं फ्लुरोसंट कापड डोळ्याला न दिसणारे अतिनील किरणही शोषून त्यांचा दिसणारा प्रकाश करतं. त्यामुळेच ढगाळ दिवशी आणि कातरवेळी ते भोवतालापेक्षा जास्त उजळ वाटतं.

लाल तर नकोच. अशा कपड्यांच्या आयएसओ २०४७१ या आंतरराष्ट्रीय मानकात पिवळा, नारिंगी-लाल आणि लाल असे तीनही फ्लुरोसंट रंग बसतात, हे खरं. पण रेल्वेत लाल झेंडी म्हणजे 'थांब'. झेंडी नसेल तर दोन्ही हात डोक्यावर उंच धरणं हाही थांबण्याचाच इशारा. (गाडीतल्या पाव्हण्यांना निरोप द्यायचा तर एकच हात हलवा.)

रात्रीचा घोळ वेगळा. अंधारात फ्लुरोसंट कापडाचा काही उपयोग नाही, तिथे काम करते ती जॅकेटवरची रेडियमची पट्टी. त्या पट्टीतले बारीक काचमणी किंवा प्रिझम प्रकाश जिथून आला तिकडेच परत धाडतात. इंजिनाच्या हेडलाइटजवळ बसलेल्या लोको पायलटला म्हणूनच ती लखलखीत दिसते. पण मिरजेसारख्या मोठ्या यार्डात शंटिंगच्या, म्हणजे डबे इकडून तिकडे हलवण्याच्या, वेळी ते मागून ढकलले जात असतील, तर पुढच्या डब्याला हेडलाइट कुठला? प्रकाशच पडला नाही तर पट्टीही काळीच. तिथे हातबत्ती हवी आणि डबे येतात त्या वाटेतून लांब राहायला हवं. जॅकेटच्या भरवशावर यार्डात फिरणारा माणूस मला जॅकेट नसलेल्यापेक्षा जास्त धोक्यात वाटतो, कारण तो निर्धास्त असतो.

पावसाळ्यात जॅकेटवर रेनकोट आणि थंडीत त्यावर स्वेटर किंवा शाल, हे नेहमीचं. कृष्णाकाठी धुकं असतं, गरज तेव्हाच जास्त असते, आणि नेमकं तेव्हाच जॅकेट आत. ते कायम सगळ्यात वर घाला आणि बंद लावून. उघडं जॅकेट वाऱ्याने फडफडतं, कुठेतरी अडकतं आणि समोरची पट्टीही झाकली जाते.

दिसलो म्हणजे वाचलो, असंही नाही. ताशी ११० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला ३० मीटर कापते आणि थांबायला तिला किलोमीटरच्या आसपास अंतर लागतं. आदर्कीच्या घाटातल्या वळणांवर तेवढं पुढचं दिसतच नाही. लोको पायलट शिटी देईल, बाजूला व्हायचं तुम्हीच. एक गाडी आली म्हणून शेजारच्या रुळावर सरकून उभं राहू नका, त्या रुळावरूनही गाडी येऊ शकते. डिझेल इंजिनाची धडधड लांबून कानावर यायची, विजेचं इंजिन त्या मानाने गुपचूप येतं. राखणीला एक माणूस ठेवा आणि त्याला दुसरं काम सांगू नका.

राहिली धुलाई. ब्लीच, कडक ब्रश, पट्टीवरून गरम इस्त्री, तीनही टाळा. जॅकेट उलटं करून सावलीत वाळवा, उन्हाने फ्लुरोसंट रंग उडतो. जास्तीत जास्त किती वेळा धुता येतं याचा आकडा चांगल्या जॅकेटच्या आतल्या लेबलवर असतो. पट्टी संपली का हे पाहायचं तर अंधारात जुनं आणि नवं जॅकेट शेजारी टांगा, दहा पावलं मागे या आणि टॉर्च डोळ्याशेजारी धरून बघा. जुनं मळकं राखाडी दिसलं तर ते बाद करा. बाद केलेलं जॅकेट रुळाशेजारच्या शेतात बुजगावण्याला मात्र घालू नका. लांबून ते माणूसच वाटतं आणि लोको पायलट उगाच शिट्या देत बसतो.