पहिल्या लाकडी जहाजाचं प्लँकिंग, मुंबईच्या हवेत

लाकडी जहाजाचं मॉडेल करायचं म्हटलं की नवीन माणूस आधी डोलकाठ्या, शिडं, तोफा बघतो, साहजिकच आहे, पण मॉडेल शेवटी कसं दिसणार हे ठरतं खालच्या पोटात, म्हणजे सांगाड्यावर फळ्या बसवताना. त्याला आपण सगळे प्लँकिंगच म्हणतो, आणि खाली बरंचसं त्याबद्दलच लिहितोय.

आधी जहाज निवडा, आणि छोटं निवडा. मुंबईकराला ट्रिंकोमालीचा मोह होणारच, आपल्या गोदीत वाडियांनी बांधलेलं सागवानी जहाज, १८१७ ला पाण्यात उतरलं आणि आजही इंग्लंडात हार्टलपूलला उभं आहे, मलाही त्याचं फार प्रेम आहे. पण त्याचा गनडेक, म्हणजे तोफांचा मजला, साधारण १५० फूट, म्हणजे १:४८ स्केलला तीन फुटांच्या वर नुसतं हल (जहाजाचं मुख्य अंग), पुढची आडवी काठी वेगळी. १:९६ ला दीडेक फुटात येतं पण मग सगळं इतकं बारीक होतं की पहिल्या मॉडेलला ते नकोच. एका डोलकाठीची, पोट गोलसर असलेली बोट घ्या, हात बसला की ट्रिंकोमालीसारखी फ्रिगेट, म्हणजे मोठी लढाऊ जहाजं, आहेतच.

लाकूड. बाहेरच्या किटमधे लाइम, बासवुड, वॉलनट येतं, ते कस्टम ड्युटीसकट महाग पडतं. सागाचा विचार नवीन लोक हमखास करतात, खरी जहाजं सागाची म्हणून, पण सागाचे रेषे मॉडेलच्या मापाला फार जाड दिसतात. हेदू, ज्याला हळदू पण म्हणतात, ते मिळालं तर बघा, पिवळसर, बारीक आणि एकसारख्या पोताचं, धार घेतं. शिवणही कामाला सोपं. रे रोडच्या वखारींमधे विचारा, आणि पट्ट्या कापून घेताना १.५ मिमी जाड, ५ मिमी रुंद सांगा, रेषे पट्टीच्या लांबीत सरळ गेलेले हवेत, तिरके असले की वाकवताना पट्टी तिथेच मोडणार. छोटा रंधा, चिमटे, पॉलिश पेपर हे सगळं नागदेवी स्ट्रीटला एका फेरीत होतं. सांगाड्याचे आडवे पाट म्हणजे बल्कहेड प्लायमधे लेझर कटिंगवाल्याकडून कापून घ्या.

आता सांगाडा. बल्कहेड कीलवर, म्हणजे जहाजाच्या तळाच्या लांब कण्यावर, काटकोनात चिकटवा आणि पूर्ण वाळू द्या. मग कडांना उतार द्यायचा, याला फेअरिंग म्हणतात, आणि इथे घाई करू नका प्लीज. पुढच्या आणि मागच्या बल्कहेडची कड सरळ राहिली तर फळी फक्त कोपऱ्यावर टेकते, गोंद धरत नाही आणि नंतर तिथे खळगा दिसतो. लांब लाकडी पट्टीला ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून एका वेळी दोन-तीन बल्कहेडवरून फिरवा आणि मधेमधे एक सुटी फळी लावून बघा, ती प्रत्येक पाटावर पूर्ण रुंदीने टेकली पाहिजे. नाळेजवळ, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाला, जिथे वळण जास्त, तिथे बल्कहेडच्या मधल्या जागेत बाल्साचे ठोकळे भरून तेही घासून घ्या, पहिल्या मॉडेलला याचा फार आधार होतो.

मग हिशोब. मधल्या बल्कहेडवर डेकच्या कडेपासून कीलपर्यंत कागदाची पट्टी लावून मोजा. समजा ९० मिमी आलं, फळी ५ मिमीची, म्हणजे १८ फळ्या. नाळेपाशी तेच अंतर ५४ मिमी भरलं तर त्याच १८ फळ्या तिथे ३ मिमीच्या हव्यात. म्हणजे फळी संत्र्याच्या फोडीसारखी टोकाकडे निमुळती करायची, रंध्याने, लावायच्या आधी. नवीन लोक पूर्ण रुंदीच्याच फळ्या लावत सुटतात आणि मग पुढे त्या एकमेकींवर चढतात, वळतात, काही उपाय राहत नाही. निम्म्यापेक्षा बारीक मात्र करू नका, तसं होत असेल तर दोन फळ्यांच्या जागी एकच पुढे न्या. मागे उलटं, तिथे जागा उरते, तिथे पाचरीसारखा छोटा तुकडा बसवायचा.

पहिली फळी डेकच्या कडेला, मग एक डावीकडे एक उजवीकडे असंच, कारण एकाच बाजूला चार-पाच लावल्या तर कील पीळ घेते आणि ती परत सरळ होत नाही. वाकवायला फळी गरम पाण्यात १५-२० मिनिटं ठेवा, मग केसांच्या स्ट्रेटनरने हळूहळू वळण द्या, जागेवर चिमटे लावून वाळू द्या आणि पूर्ण वाळल्यावरच चिकटवा. ओली चिकटवली की आकसते आणि फटी पडतात. गोंद पांढरा फेविकॉलच, फेविक्विक फक्त टोकाला थेंबभर, कारण तो सांडला तिथे नंतर पॉलिश मुरत नाही, डाग राहतो.

आणि आपली हवा. लाकूड पावसाळ्यात रुंदीला फुगतं, लांबीला जवळजवळ नाही. जुलैमधे प्लँकिंग केलं तर जानेवारीत फटी दिसणार, म्हणून प्लँकिंग दिवाळीनंतर, आणि पट्ट्या आधी दोन-तीन आठवडे त्याच खोलीत मोकळ्या ठेवा. पावसाळ्यात डोलकाठ्या, कप्प्या, तोफांचे गाडे करत बसावं, भरपूर काम असतं. लाखेचं पॉलिश तर पावसाळ्यात लावूच नका, दमट हवेत पांढरट पडतं. दोऱ्यासाठीही सुतीपेक्षा पॉलिस्टर बरा, सुती दोरा हवेबरोबर ताणतो-सैलावतो.

सगळ्या फळ्या बसल्या की १२० आणि मग २२० ने रेष्यांच्या दिशेत घासा, आणि आतून टॉर्च लावून खोलीत अंधार करा, जिथून उजेड येतो तिथे लाकडाचा भुसा आणि गोंद भरा. डोळ्यांपेक्षा बोटांना उंचवटे लवकर कळतात, म्हणून एकदा डोळे मिटून हात फिरवा आणि जमलं तर ग्रुपमधल्या कुणाला तरी फिरवायला द्या, आपल्या हाताला आपल्याच चुका सवयीच्या होतात. मग बाहेरून सँडिंग सीलर, म्हणजे लाकडाची छिद्रं बुजवणारा थर, आणि डेक बसवायच्या आधी आतूनही सीलरचा एक हात, कारण बाहेर सीलर आणि आत कोरडं लाकूड असेल तर ते फक्त आतून ओल पितं आणि फळ्या वाकड्या होतात. डेक एकदा बसला की आत ब्रश जात नाही.